बांचं प्रस्थान आणि बॅटरीचा खार

द्वारकेला गाडी जाणार आणि ती मी चालवणार, हे मी दिवाळीच्या फराळाला सगळ्या कुटुंबासमोर जाहीर केलं तेव्हा माझ्या यजमानांना ठसका लागला आणि नणंदेच्या यजमानांना हसू आलं. ठसका सुक्या कचोरीचा होता असं हे अजूनही सांगतात. हसू कशाचं होतं ते त्या दुसऱ्यांनी अजून सांगितलेलं नाही.

मी जामनगरातल्या मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होते. माझी चप्पल वाजली की तीन वर्ग पुढच्या मुली पाढे म्हणायला लागायच्या. निवृत्त झाल्यावर लोक तुळशीमाळ घेतात, मी गाडी शिकण्याच्या शाळेत नाव घातलं. शिकवणारा मुलगा मला इतका घाबरायचा की समोर म्हैस आली तरी 'ब्रेक दाबा' म्हणत नसे. 'मॅडम, आता आपण थांबायचा विचार केला तर बरं होईल' असं म्हणे. तेवढ्यात म्हैसच शहाणपणाने बाजूला व्हायची. ते असो. पहिल्या फटक्यात परवाना मिळाला आणि तो मी देवघरात न ठेवता पर्समध्ये ठेवला, कारण मला तो वापरायचा होता.

वापरणं हा शब्द आमच्या घरात गाडीच्या बाबतीत शिवीसारखा आहे. माझे यजमान, जयसुखभाई, यांचं ठाम मत असं की गाडी वापरली की झिजते. म्हणून ती खोळ घालून पोर्चमध्ये उभी असते, आणि हे आयुष्यभर स्कूटरवर पोट सांभाळत फिरतात. दसऱ्याला गाडीला हार घालायचा, बोनेटवर स्वस्तिक काढायचं, पुन्हा खोळ. घरात एखादा म्हातारा झोपलेला असावा आणि त्याच्या विश्रांतीत कुणी व्यत्यय आणू नये, अशी तिची बडदास्त.

तर द्वारकेची इच्छा माझ्या सासूबाईंची. त्यांना आम्ही बा म्हणतो. बांना कानाने कमी ऐकू येतं, पण जे ऐकायचं नसतं ते अजिबातच ऐकू येत नाही. 'मला एकदा सुनेच्या गाडीतून द्वारकाधीशाकडे जायचंय' असं त्या म्हणाल्या. मुलाच्या गाडीतून नव्हे, सुनेच्या. हे वाक्य मी यांना तीन-चार प्रसंगी पुन्हा ऐकवलं. पौष लागायच्या आत जायचं ठरलं. बांनी चौघडिया बघून घेतला. शुभ वेळ दुपारी बाराच्या सुमाराला निघाली. 'त्या वेळेला मी गाडीत बसले म्हणजे प्रस्थान झालं,' बा म्हणाल्या. 'नंतर तुम्ही निघा केव्हाही. पण एकदा बसले की देवाच्या दारी पोचेपर्यंत मी घराला पाय लावणार नाही.'

आणि त्या बसल्या. जेवून, नवी साडी नेसून, मांडीवर थेपल्यांचा डबा घेऊन, मागच्या सीटवर, बरोब्बर मुहूर्तावर. मी पुढे बसले. किल्ली फिरवली.

गाडीने 'कट' असा आवाज केला. पुन्हा फिरवली. पुन्हा 'कट'. एखाद्या आळशी विद्यार्थिनीला उत्तर विचारावं आणि तिने फक्त जीभ टाळ्याला लावून काढावी, तसा.

यांना हाक मारली. यांनी बोनेट उघडलं आणि आम्ही दोघांनी आत बघितलं. बॅटरीच्या एका खुंटावर पांढरं-हिरवं काहीतरी फुललं होतं. फुललं होतं म्हणजे अक्षरशः फुललं होतं, बरणीत विसरलेल्या लोणच्यावर बुरशी चढावी तसं. समुद्राची खारी हवा, न हलणारी गाडी आणि बॅटरीतून पाझरणारं आम्ल, तिघांनी मिळून तिथे बाग केली होती.

आता इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय माझा राग तुम्हाला कळायचा नाही. जयसुखभाईंचा उद्योगनगरात पितळेचा कारखाना आहे. छोटा आहे, पण आहे. आणि त्या कारखान्यात काय बनतं? बॅटरीच्या खुंटाला वायर पकडून ठेवणारे पितळी चिमटे, ज्यांना टर्मिनल म्हणतात ते. अर्ध्या देशाच्या गाड्या आमच्या पितळेवर सुरू होतात, असं हे लग्नाच्या पंगतीत शेजारच्या अनोळखी माणसालाही सांगतात. आणि घरच्या गाडीला कुठलं टर्मिनल? कंपनीतून गाडीबरोबर आलेलं, जुनं, हिरवं पडलेलं. मी विचारलं, तर म्हणाले, 'घरासाठी कशाला माल मोडायचा?'

शाळेत मी अशा वेळी फक्त बघायची. तसं बघितलं.

'दोन मिनिटांचं काम आहे,' म्हणत हे स्वयंपाकघरात गेले आणि लिंबूफुलाचा डबा घेऊन आले. आमच्याकडे ढोकळ्यात, खमणमध्ये आंबटपणासाठी घालतात ते पांढरे खडे. मी म्हटलं, अहो, खार आम्लाने चढलाय, त्यावर सोडा घालायचा असतो, आंबटावर आंबट घालून काय होणार? यावर त्यांनी जो चेहरा केला तो मी चाळीस वर्षं बघत आलेय. 'कुंदन, पितळ आंबटाने उजळतं. तू मला पितळ शिकवू नकोस.' त्यांनी खडे पाण्यात विरघळवले आणि दात घासायच्या ब्रशने चोपडायला लागले. ब्रश कुणाचा होता ते मला दुसऱ्या दिवशी द्वारकेत कळलं, तो विषय वेगळा.

पितळ उजळलं की नाही देव जाणे, खाराचा मात्र हिरवा चिखल झाला. तो यांनी हाताने पुसला आणि हात लेंग्याला पुसले. मग मी स्वतः गेले, खाण्याचा सोडा गरम पाण्यात कालवला आणि वरून ओतला. सोड्याने आपलं काम चोख केलं, पण खाली आधीच एवढं आंबट साचलेलं होतं की जे काही फसफसून वर आलं ते बघून समोरच्या दमयंतीबेन ओट्यावरून उठून फाटकाशी आल्या. बोनेटमधून पांढरा फेस उतू जात होता. मोहरीची फोडणी तेवढी द्यायची बाकी होती.

बांनी आतून विचारलं, 'निघालो का?'

'निघतोय,' मी ओरडून सांगितलं.

बांनी समाधानाने काचेतून बाहेर बघितलं. पोर्चचा खांब होता तिथेच होता. त्यांची त्याला काही हरकत दिसली नाही.

फेस बसल्यावर यांनी टर्मिनल सोडवायला पक्कड लावली. ते गंजून इतकं भुसभुशीत झालं होतं की नानखटाईसारखं तुटून हातात आलं. तेव्हा कुठे साहेब स्कूटर काढून कारखान्यात गेले आणि स्वतःच्या हाताने बनवलेलं नवं टर्मिनल घेऊन आले. खरं सांगायला हवं, ते बसवताना त्यांचे हात बघण्यासारखे होते. फडक्याने पुसलं, खुंटावर ठेवलं, दोन बोटांनी हलवून बघितलं, मग घट्ट केलं. चपखल बसलं. अर्ध्या देशाला मिळतं ते एकदाचं घराला मिळालं. मी किल्ली फिरवली.

'कट.'

बॅटरीच मेली होती. न वापरता, विश्रांती घेत घेत, शांतपणे मेली होती.

नेमके याच वेळी बिपिनकुमार फाटकातून आत आले. बिपिनकुमार म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान, दिवाळीत हसले ते. आमच्याबरोबर द्वारकेला येणार होते, कारण गाडी फुकट जाणार होती. ते या घरचे जावई. आमच्या लोकांत जावयाने दिवसाला रात्र म्हटलं तर सासूने दिवा लावायचा असतो. बिपिनकुमारांना आयुष्यात ज्या गोष्टीचं ज्ञान नाही अशी गोष्ट मला अजून सापडलेली नाही, आणि जी येते अशीही सापडलेली नाही. गाडीला भोंगावाली चोरघंटी आणि एका बटणात सगळी दारं बंद करणारं यंत्र बसवून घ्या, हा सल्ला त्यांचाच. न हलणाऱ्या गाडीला चोर काय खांद्यावरून नेणार होता, हे त्यांना कुणी विचारलं नाही. जावई ना.

त्यांनी बॅटरीकडे बघितलं आणि मान हलवली. म्हणाले, मुळात बॅटरी लहान होती. ताकदच नाही. माझ्या दोस्ताचं दुकान आहे, मी आणतो, तुम्ही लक्ष घालू नका. मी म्हटलं, गाडीच्या पुस्तकात कुठली घालायची ते लिहिलेलं असतं, तीच घालायची. तर ते हसले. तेच, दिवाळीचं. 'भाभी, दूध घेताना आपण म्हशीचं घेतो की शेळीचं? मोठं ते मोठंच.'

यांनी मान डोलावली. दोन पुरुष एकमेकांकडे बघून मान डोलवायला लागले की तिसऱ्या माणसाने सुरक्षित अंतरावर उभं राहावं, हे मी शिक्षक-पालक सभेत शिकले आहे.

बिपिनकुमार छकड्यातून, म्हणजे आमच्याकडच्या पुढून फटफटी आणि मागून गाडा असलेल्या तीनचाकीतून, बॅटरी घेऊन आले. ती उतरवायला हे, ते आणि छकडेवाला असे तिघं लागले. ती ट्रॅक्टरची होती. मी काही म्हणायच्या आत तिघांनी ती बोनेटमध्ये उतरवली. जुन्या बॅटरीची जागा म्हणजे पाट, आणि ही बसायला आलेली म्हणजे कोठी. ती तिरपी राहिली, एक कोपरा इंजिनावर टेकला. वायरी ताणून कशाबशा लावल्या. बोनेट खाली ओढलं तर ते वीतभर वरच राहिलं.

'दोरीने बांधू,' बिपिनकुमार म्हणाले.

मी विचारलं, बोनेट उघडं राहिलं तर मला रस्ता कसा दिसणार? त्यावर या विद्वानाने सांगितलं की रस्ता सरळच आहे, खंभाळियाला एक वळण येतं तेवढं मी सांगेन.

हे म्हणाले, थोडं दाबलं तर बसेल. आणि त्यांनी दाबलं. दोन्ही हात टेकून, टाचा उचलून, सगळा भार टाकून. बोनेटचा पत्रा खाली गेला आणि त्या उंच बॅटरीच्या खुंटाला भिडला. जी ठिणगी उडाली ती दमयंतीबेनना फाटकावरून दिसली. हे मागे उडाले ते थेट तुळशीच्या कुंडीत बसले. छकडेवाल्याने छकडा सुरू केला आणि भाडं न घेता निघून गेला. काठियावाडात छकडेवाला भाडं न घेता गेला म्हणजे तुम्ही समजून घ्या.

बोनेटला आतून रुपयाएवढा काळा डाग पडला. तो अजून आहे.

'मोठ्या बॅटरीत ताकद असते हे तुम्ही आता बघितलंत,' बिपिनकुमार म्हणाले. हा माणूस पराभवातूनही प्रमाणपत्र काढतो.

मग मी सूत्रं हातात घेतली. गाडीच्या खणातलं पुस्तक काढलं. त्यात बॅटरी केवढी हवी ते लिहिलं होतं. जुनी बॅटरी लांबी-रुंदी-उंचीला पट्टीने मोजली, तिच्या अधिक खुणेचा खुंट कुठल्या हाताला आहे ते बघून ठेवलं, ती प्लॅस्टिकच्या घमेल्यात उभी ठेवली आणि घमेलं रिक्षात घालून निघाले. दोघांना सांगितलं, ट्रॅक्टर उतरवून ठेवा आणि कशालाही हात लावू नका. बांना सांगितलं, आलेच. बांनी मला थेपला देऊ केला.

दुकानदार खुर्चीत रेलून दातात काडी घालत बसला होता. मला बघून माझ्या मागे बघायला लागला.

'भाई नाही आले?'

'भाई लेंगा बदलतायत,' मी म्हटलं. 'बॅटरी दाखवा.'

त्याने न उठता फळीकडे हात केला. ती घ्या, म्हणाला, सगळे तीच नेतात. मी ती उलटसुलट बघितली. वर धूळ होती. तिच्यावर कोरलेली तारीख शोधली, तर ती बॅटरी आमच्या शाळेचा नवा मजला झाला तेव्हाची निघाली. मी विचारलं, ही इतके दिवस इथे बसून काय करत होती? तो म्हणाला, मॅडम, बॅटरी काय भाजी आहे शिळी व्हायला? मी त्याला सांगितलं की बॅटरी नुसती ठेवली तरी मरते, माझ्या घरी त्याचं प्रात्यक्षिक झालेलं आहे, आणि ताजी तारीख असलेली, याच मापाची, याच हाताला खुंट असलेली काढ, नाहीतर जुनी मी दुसऱ्या दुकानात मोडीला देते. तो उठला. माझ्या आवाजावर वर्गांतले फळे पुसले गेले आहेत, हा कोण.

गेल्या महिन्यातली बॅटरी निघाली. मापाला बरोबर, बाजूला बरोबर. मी हमीच्या कागदावर शिक्का मारून घेतला, शिक्का अर्धा उठला म्हणून पुन्हा मारून घेतला, आणि विजयी मुद्रेने परत आले.

घरी आले तर बा अजून गाडीतच, चारी दारं उघडी, आणि दमयंतीबेन बाहेर उभ्या राहून त्यांना चहा पाजत होत्या. मी नवी बॅटरी जागेवर ठेवली. वीतभर काय, बोटभरही इकडे-तिकडे झाली नाही. मी दोघांकडे बघितलं. दोघंही आंब्याच्या झाडाकडे बघत होते.

आता फक्त वायरी लावायच्या होत्या. ते काम मी यांना दिलं, कारण टर्मिनल यांचं होतं आणि लेंगा दुसरा घातला होता. तेवढ्यात बिपिनकुमारांना ज्ञान झालं. म्हणाले, दारं उघडी असली की आतला दिवा लागतो, नवी बॅटरी पहिल्याच क्षणी कशाला खर्च करता? आणि त्यांनी चारी दारं धाड धाड लावून टाकली. बांनी आत डबा सावरला. किल्ली जिथे मी सोडली होती तिथेच, स्टिअरिंगपाशी लोंबत होती.

यांनी शेवटची वायर टेकवली.

खट. चारी दारांना एकदम कुलूप लागलं. आणि पाठोपाठ ती चोरघंटी सुरू झाली. आमच्या गल्लीत लग्नाची बँड पथकं येतात, पण असा आवाज मी ऐकला नव्हता. बराच काळ उपाशी ठेवलेल्या यंत्राने पहिला घास मिळताच टाहो फोडला होता. गल्लीतली कुत्री सूर लावून ओरडायला लागली. घराघरांतून माणसं बाहेर आली. बांना एवढ्या आवाजातलं काहीतरी ऐकू गेलं असावं, कारण त्यांनी डोळे मिटून हात जोडले.

यांनी घाबरून वायर उपटली. घंटी थांबली. कुलपं तशीच.

मी म्हटलं, दुसरी किल्ली आणा.

हे उभेच.

'अहो, दुसरी किल्ली.'

'ती गाडीतच आहे,' हे म्हणाले. 'पुढच्या खणात. हरवू नये म्हणून.'

मी पुन्हा शाळेत बघायची तसं बघितलं, पण आता त्यात पूर्वीसारखी ताकद राहिली नव्हती. कारण आत बा होत्या. काचा वर होत्या. ऊन नव्हतं, पण शेवटी म्हातारं माणूस. द्वारकेचा हट्ट बांचा असला तरी मिरवायचं मला होतं, हे तेव्हा मला नको इतकं स्पष्ट दिसलं.

गल्ली जमा झाली. माझी शाळेतली स्टीलची फूटपट्टी मी काचेच्या फटीतून आत सारून बघितली. ती सरळ दाराच्या पोटात गेली आणि तिथेच पडली. दार हलवलं की अजून खुळखुळते. यांनी वीट उचलली. लगेच चर्चा सुरू झाली की काच फोडायची तर कुठली. मागची मोठी, ती महाग. पुढची फोडली तर थंडीत वारा लागेल. एकजण म्हणाला त्रिकोणी छोटी काच स्वस्त असते, दुसरा म्हणाला छोटी मिळतच नाही म्हणून तीच सगळ्यात महाग. बिपिनकुमारांचं मत होतं की काच फोडायची गरज नाही, बाजूच्या गल्लीत एक माणूस आहे, त्याला तारेने कुलूप उघडता येतं. कुठे असतो, विचारलं. तर म्हणाले, सध्या तुरुंगात.

मी काचेला तोंड लावून बांना खुणा करायला लागले. दाराच्या कडेला छोटी खुंटी असते, ती वर ओढा. मी बोटाने वर ओढायची खूण केली. बांनीही बोट वर केलं. देवाकडे. मी मान हलवून पुन्हा केलं. त्यांनी पदर डोक्यावर नीट घेतला. आता हेही खुणा करायला लागले, दमयंतीबेन करायला लागल्या, मागची सगळी गल्ली हात वर-खाली करायला लागली. बांनी सगळ्यांकडे बघितलं. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनीही हात हलवला. मग दुसऱ्या खिडकीकडे वळून तिकडच्यांनाही हलवला.

हे वीट घेऊन पुढे सरले. नको, लागेल त्यांना, असं मी म्हणतेय, हे म्हणतायत मी हळूच मारतो, जणू वीट हळू मारायची वस्तू आहे. आणि एवढ्यात बांनी शांतपणे ती खुंटी वर ओढली, दार उघडलं आणि विचारलं, 'हा वीट कशाला घेऊन आलाय? चाकाखालचं लिंबू फोडायला?'

मी तिथेच पायरीवर बसले. म्हटलं, बा, तुम्हाला दार उघडता येत होतं?

'येतं की. ती खुंटी वर केली की उघडतं.'

'मग उघडलं का नाहीत? सगळे केव्हाचे खुणा करतायत.'

'मला वाटलं निरोप देतायत,' बा म्हणाल्या. 'शंख पण वाजला. कुंदनवहू, माझ्या लग्नात सुद्धा मला एवढी माणसं पोचवायला नव्हती गं.'

यांनी वीट खाली ठेवली. मी आधी किल्ली काढून पदराला बांधली, मगच वायरी लावू दिल्या. किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. गल्लीने टाळ्या वाजवल्या. बांनी पुन्हा हात हलवला, आता खऱ्या निरोपाला.

रस्ताभर मी दोघांना सोडलं नाही. खंभाळियापर्यंत पितळ, आंबट आणि सोडा हा पाठ झाला. खंभाळियाच्या पुढे म्हैस, शेळी आणि ट्रॅक्टर. बॅटरी कशी निवडावी यावर माझं प्रवचन भाटियापर्यंत पुरलं. माप, बाजू, तारीख, हमी, मी म्हणायचं आणि दोघांनी मागून म्हणायचं एवढंच बाकी ठेवलं होतं. यांनी एकदाच, अगदी हळू, म्हटलं की टर्मिनल तरी चांगलं बसलं होतं. ते मी मान्य केलं. मग लगेच सांगितलं की वस्तू म्हणजे कुणी मनावर घेऊन वापरली तर तिचा उपयोग.

सूर्य समुद्रात गेला तसे मी गाडीचे दिवे लावले. लांबून देवळाची ध्वजा दिसली. बांनी मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी वेग थोडा कमी केला. धर्मशाळेच्या अंगणात मी गाडी मागे घेत, एका झटक्यात, दोन मोटारींच्या मध्ये अशी लावली की तिथला पहारेकरीही बघत राहिला. दोघांना सांगितलं, बघा, याला म्हणतात गाडी लावणं. आणि आरती चुकू नये म्हणून तशीच उतरून बांचा हात धरून देवळाकडे धावले. आरती मिळाली. बांचं दर्शन झालं.

सकाळी चहा घेऊन, प्रसाद बांधून आम्ही गाडीत बसलो. मी किल्ली फिरवली.

'कट.'

मी पुन्हा फिरवली. मग मी दुकानदाराला नावं ठेवायला सुरुवात केली. भामटा आहे, तारीख खोडून पुन्हा कोरली असणार, हमीचा कागद आहे माझ्याकडे, जाऊन तोंडावर मारते. हे खाली उतरले, गाडीच्या पुढे गेले आणि वाकून बघितलं. मग सरळ उभे राहिले आणि काचेतून माझ्याकडे बघितलं. चाळीस वर्षांत मी ज्या नजरेने बघत आले, ती त्यांनी कधी पाठ करून ठेवली होती कोण जाणे. मी हळूच दिव्यांच्या बटणाकडे बघितलं. ते चालू होतं.

'मला दिसले होते की रात्री खिडकीतून,' बा मागून म्हणाल्या. 'चालूच होते. मी म्हटलं, वहूने देवाच्या दारी अखंड दिवा ठेवलाय. म्हणून नाही उठवलं.'

बिपिनकुमार बाह्या सरसावत मागे गेले. हे पुढून फिरून त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. दोघं एकमेकांकडे बघून मान डोलवत होते, ते मला आरशात स्पष्ट दिसत होतं. 'भाभी,' बिपिनकुमारांनी मोठ्याने विचारलं, 'आम्ही आता ढकलायचा विचार केला तर बरं होईल का?'